‘देवाला ठाऊक आहे’ या वाक्याची तपासणी

सर्व काही जाणणाऱ्या देवापुढे माणसाने खरे बोलावे, असे ख्रिस्ती धर्म सांगतो. यात एक अडचण आहे आणि ती लहान मुलालाही सुचते. ज्याला आधीच सगळे माहीत आहे, त्याला सांगायचे तरी काय? ज्याच्यापासून काही लपवताच येत नाही, त्याच्यापुढे न लपवण्यात कसला सद्गुण? डोळस माणसापुढे हातातली वस्तू उघडी धरली म्हणून कोणी आपल्याला प्रामाणिक म्हणत नाही.

या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे नाशिकच्या द्वारका चौकातून दोन दिशांना गेल्यावर सापडतात. पुणे रस्त्याने नाशिकरोडला गेले की बाळ येशूचे तीर्थस्थान लागते. फेब्रुवारीतल्या यात्रेला तिथे हजारो माणसे येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. तिथली परंपरा कॅथलिक. माणूस एकट्याने धर्मगुरूजवळ जातो आणि आपली पापे नावानिशी सांगतो. चौकातून पश्चिमेला, मुंबई नाका ओलांडून शरणपूरकडे गेले की सेंट अँड्र्यूज चर्च आहे. विल्यम साल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५४च्या सुमारास वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीतून ही परंपरा आली. मुळात ती अँग्लिकन. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यापासून त्या मंडळीत सामील झालेली. तिथे पापकबुली सगळी मंडळी एका आवाजात करते, कोणी कोणाचे पाप ऐकत नाही. या दोन पद्धतींकडे पुढे येऊ. आधी देवाचे ‘जाणणे’ म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

देवाचे जाणणे म्हणजे पाळत ठेवणे, असे आपण गृहीत धरतो. द्वारका चौकात पोलीस उभा असला की गाड्या पांढऱ्या पट्ट्यामागे थांबतात, नसला की थांबत नाहीत. देव म्हणजे कधीच रजेवर न जाणारा पोलीस. ही कल्पना इतकी रुळलेली आहे की पुष्कळ प्रवचनेही तिच्यावरच चालतात. जेरेमी बेंथमने १७९१ साली तुरुंगाचा असा आराखडा प्रसिद्ध केला की मधल्या मनोऱ्यातला पहारेकरी सगळ्या कैद्यांना पाहू शकेल, पण तो आत्ता पाहतो आहे की नाही हे कैद्याला कळणार नाही. सर्वज्ञतेचा हा तुरुंगी अवतार. देव सगळीकडे असतो हे ऐकून एका लहान मुलीला ते असभ्य वाटले, अशी गोष्ट नीत्शेने सांगितली आहे. त्या मुलीचा आक्षेप मला खरा वाटतो. देव असा असेल तर त्याच्यापुढे प्रामाणिक होता येत नाही, फक्त सावध होता येते.

पवित्र शास्त्रातले जाणणे मात्र असे नाही. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात देवाला माणसाचे उठणे-बसणे ठाऊक आहे, ओठांवर न आलेला शब्द ठाऊक आहे. पण त्याच स्तोत्रात तो माणसाला आईच्या पोटात घडवणाराही आहे. पाहणारा आणि घडवणारा एकच. येशूच्या तोंडी चिमण्यांची आणि डोक्यावरच्या केसांच्या मोजदादीची गोष्ट येते ती ‘भिऊ नका’ हे सांगताना, धाक घालताना नव्हे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात देवापुढे सर्व काही उघडे असल्याचे विधान आहे. ते नेहमी तेवढेच उद्धृत केले जाते. त्यापुढच्या तीन ओव्यांत लेखक सांगतो की आपला महायाजक आपल्या दुर्बलतेत सहभागी होणारा आहे, म्हणून निर्धास्तपणे कृपेच्या आसनाजवळ जावे. उघडेपणाचा निष्कर्ष निर्धास्तपणा असा काढलेला आहे. तर्काच्या या उडीवर ख्रिस्ती प्रामाणिकपणाची सगळी इमारत उभी आहे.

मराठी वाचकाला इथे चित्रगुप्त आठवेल. चित्रगुप्ताची वही आणि ख्रिस्ती न्यायदिनाची पुस्तके यांत साम्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात मृतांचा न्याय पुस्तकांत लिहिल्याप्रमाणे होतो. पण लेखनिक ही भूमिका ख्रिस्ती देवाची नाही. लेखनिकाला नोंदीशी कर्तव्य असते, नोंद कोणाची याच्याशी नसते. इथे नोंद ठेवणारा स्वतःच ती पुसण्याची किंमत भरतो, असा दावा आहे. दावा मान्य करणे न करणे हा वेगळा प्रश्न. त्याच्याशिवाय पुढचे विवेचन मात्र समजणार नाही.

आता दुसरी गैरसमजूत. देव सर्वज्ञ आहे यावर विश्वास ठेवला की माणूस आपोआप खरा वागू लागतो, असे मानले जाते. शास्त्रातल्याच कथा याच्या विरुद्ध साक्ष देतात. आदाम झाडांआड लपतो. कोणापासून, हे त्याला पुरते ठाऊक असते. दाविदाचे नाव कितीतरी स्तोत्रांना जोडलेले आहे, तोच दावीद उरीयाच्या बायकोला आणवतो आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवतो. देव पाहतो हे त्याला माहीत नव्हते असे कोणी म्हणू शकेल? तो ढळतो तो नाथान संदेष्ट्याने मेंढीची गोष्ट सांगून त्याच्याच तोंडून निकाल वदवून घेतल्यावर. माहिती होतीच. कमी होते ते त्या माहितीखाली स्वतःला उभे करणे.

सगळ्यात शिकवणारी गोष्ट हनन्या आणि सप्पीरा यांची, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली. हे दांपत्य जमीन विकते, काही पैसे मागे ठेवते, उरलेले प्रेषितांच्या चरणी आणून ठेवते आणि हीच पूर्ण रक्कम असे भासवते. दोघेही मरून पडतात. कथा कठोर आहे आणि तिच्यावर सोयिस्कर प्रवचने झाली आहेत. दान कमी दिले म्हणून शिक्षा झाली, असा अर्थ लावणारी दानपेटी मी पाहिली आहे. मजकुरात तसे नाही. पेत्र स्पष्ट म्हणतो की जमीन त्यांचीच होती आणि विकल्यावर पैसेही त्यांचेच होते. म्हणजे अर्धे द्यायला मोकळीक होती. अपराध अर्धे देऊन पूर्ण दिल्याचा मान घेण्याचा. आणि फसवणूक केली कोणाची? समोर बसलेल्या माणसांची. पेत्र मात्र तिला देवाशी खोटे बोलणे म्हणतो. माणसांपुढचा देखावा आणि देवापुढचे खोटे या दोन गोष्टी या कथेत वेगळ्या करताच येत नाहीत. हा धागा मला पुढे लागणार आहे.

पूर्वज्ञानाचा कूटप्रश्न थोडक्यात आटोपतो, कारण तो प्रसिद्ध असला तरी या विषयात त्याचे वजन कमी आहे. उद्या मी खोटे बोलणार हे देवाला आजच ठाऊक असेल, तर दोष माझा कसा? सहाव्या शतकात मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात बसलेल्या बोएथियसने उत्तर दिले की देवाला उद्या नाहीच. सर्व काळ त्याच्यापुढे वर्तमान आहे, आणि कोणाला चालताना पाहिल्याने तो चालायला भाग पडत नाही. १५८८ साली लुईस द मोलिना या स्पॅनिश जेझुइटाने आणखी बारीक विणकाम केले. शुभवर्तमानात हा प्रश्न सिद्धान्ताने सुटत नाही, घटनेने दाखवला जातो. कोंबडा आरवण्याआधी पेत्र आपल्याला तीनदा नाकारील हे येशूने आधीच सांगितले होते. तसेच झाले. पेत्राने ‘तुम्ही सांगितलेच होते’ अशी सबब पुढे केली नाही. तो बाहेर जाऊन रडला.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे. ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायचे कशाला? चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहायला घेतलेल्या आपल्या आत्मनिवेदनात ऑगस्टिनने हाच प्रश्न देवालाच विचारला आहे. त्याच्या उत्तराचा गाभा असा मांडता येईल: मी न सांगितल्याने मी तुझ्यापासून लपत नाही, तूच माझ्यापासून लपतोस. कबुलीत देवाकडे नवी माहिती जात नाही. बदल होतो तो सांगणाऱ्यात. देवाला जे ठाऊक आहे त्याला माणूस आपली संमती देतो, ‘होय, ते मीच केले’ असे स्वतःच्या तोंडून म्हणतो. न्यायालयात पुरावा भक्कम असला तरी आरोपीला गुन्हा कबूल आहे का, हे विचारतातच.

इथे द्वारकेवरून फुटणारे दोन रस्ते पुन्हा समोर येतात. १२१५ साली लॅटरनच्या चौथ्या परिषदेने प्रत्येक कॅथलिकाला वर्षातून एकदा तरी धर्मगुरूजवळ पापकबुली बंधनकारक केली. तिचे बळ तपशिलात आहे. ‘आम्ही सगळे पापी’ हे म्हणायला जड जात नाही. ‘भावाच्या वाट्याची जमीन मी सातबाऱ्यावर माझ्या नावाने लावून घेतली’ हे एका माणसाच्या कानात म्हणताना जीभ अडखळते. ते अडखळणेच औषध आहे. तिचा धोका असा की सवयीने ती हिशेब होते: एवढी पापे, एवढ्या प्रार्थना, खाते बंद. शरणपूरच्या परंपरेत १५४९च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातली, ज्याच्यापुढे सगळी अंतःकरणे उघडी आहेत अशा देवाला उद्देशून केलेली प्रार्थना प्रभुभोजनाच्या आरंभी येते. मंडळीची एकत्र कबुली त्याच उपासनेत होते. तिचे बळ समानतेत आहे. पाळक आणि झाडूवाला एकाच वाक्यात पापी ठरतात. तिचा धोका उघड आहे: सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज बुडवता येतो. कोणती पद्धत श्रेष्ठ हा वाद मला निष्फळ वाटतो, कारण दोन्हींत लपायला जागा आहे. फक्त जागा वेगळ्या आहेत.

तिसरा मार्गही महाराष्ट्राने पाहिला आहे. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात संजीवनाची लाट आली. मुली आणि बायका सगळ्यांसमोर रडत आपली पापे बोलून दाखवू लागल्या. त्यातला खरेपणा नाकारण्याचे कारण नाही. तरी पर्वतावरील प्रवचनात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींना गुप्ततेची अट आहे, हेही विसरता येत नाही. गुप्तात पाहणारा पिता तिथे माणसाला प्रेक्षकांच्या गरजेतून सोडवतो. पश्चात्तापालाही प्रेक्षक मिळू शकतात, आणि मिळाले की त्याची चव बदलते.

रमाबाईंचे खरे धाडस मला त्याआधीच्या काळात दिसते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेचच त्यांचा आपल्या धर्मभगिनींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, पत्रांतून वाद सुरू झाला. ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्य यांबद्दल मनात शंका असताना या गोष्टी मान्य असल्याचे म्हणायला त्या तयार नव्हत्या. चर्चच्या अधिकारापेक्षा सदसद्विवेकाला त्यांनी वरचे स्थान दिले. उपकारकर्त्यांना हा कृतघ्नपणा वाटला. सर्वज्ञतेचा सिद्धान्त गांभीर्याने घेतला तर मात्र रमाबाईंचीच बाजू सुसंगत ठरते. श्रद्धा नसताना श्रद्धेचे वाक्य उच्चारणे हे हनन्याचेच पाप आहे: अर्धे देऊन पूर्ण दिल्याचा देखावा. शंका उघडपणे घेऊन येणारा देवाला नवे काही सांगत नाही, पण फसवतही नाही.

आता नाशिकच्या एका घराकडे येऊ. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरला झाला. वडिलांना सोवळ्याचे वेड होते. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून हे वेड लागले. बाजारातून आलेले सामानसुमान धुऊन घेण्यापर्यंत ते गेले. प्याल्याची बाहेरची बाजू घासण्यावर येशूने परुश्यांना जे सुनावले, ते कळायला लक्ष्मीबाईंना भाष्याची गरज नव्हती. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा सोबत नव्हत्या.

टिळकांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. देवाशी ते खरे होते. जात, घर, मान सगळे त्यासाठी दिले. पण त्या दोन वर्षांत जे देवाला ठाऊक होते, ते बायकोला किती ठाऊक होते? हा प्रश्न त्यांच्यावर आरोप म्हणून मी करत नाही. अंतःकरणातली घालमेल माणूस आधी देवाजवळ नेतो, हे स्वाभाविक आहे. पण ती तिथेच ठेवली की तिचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो. इथे तो एका तरुण आईवर पडला आणि पुढची काही वर्षे तिने नातेवाइकांच्या आश्रयाने काढली.

त्यानंतर लक्ष्मीबाईंनी जे केले त्याला धर्मशास्त्राच्या पुस्तकात स्थान मिळायला हवे. त्या नवऱ्याजवळ परतल्या, पण त्याच्या देवाजवळ गेल्या नाहीत. सोवळे पाळले, स्वयंपाक वेगळा ठेवला. मन वळलेले नसताना सोयीसाठी बाप्तिस्मा घेणे किती सोपे होते! जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला, तो माणसाचा ठरवला आणि मगच कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला तो असे टप्प्याटप्प्याने चालून. आणि उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ ते १९३६ दरम्यान ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. १९३६मध्ये नाशिकलाच त्या वारल्या. संतपदाला पोचलेल्या नवऱ्याचा तापटपणा, हाती येईल ते वाटून टाकण्याचा स्वभाव, घरातली भांडणे, स्वतःचा भित्रेपणा, सगळे त्यात हसत-खेळत आले आहे. कोणावर सूड नाही, कोणाची सारवासारव नाही. देव पाहतो यावर ज्याचा खरोखर विश्वास आहे, त्याला चरित्र रंगवण्याची गरज उरत नाही. मराठीत याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आता शीर्षकातल्या वाक्याशी आलो. ‘देवाला ठाऊक आहे’ हे आपण कधी म्हणतो? बहुतेक वेळा माणसाला सांगायचे टाळताना. ज्याचे पैसे बुडवले त्याच्यासमोर न जाता प्रार्थनेत त्याची कबुली देऊन मोकळे होतो, आणि सर्वज्ञता ही सोयीची पळवाट होते. ख्रिस्ताच्या शिकवणीत ही पळवाट बंद केलेली आहे. वेदीशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. देव थांबायला तयार आहे. जक्कय जकातदार येशूला घरी पाहून आनंदतो आणि लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे बोलतो. त्याची कबुली थेट रकमेत येते.

माणसांच्या साक्षीची गरज सर्वज्ञतेने संपत नाही, हे शरणपूरचा एक विद्यार्थी चांगले जाणून होता. जेकब वेनराइट हा गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकन मुलगा शरणपूरच्या मिशनशाळेत शिकला आणि पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या तांड्यात सामील झाला. मे १८७३मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा तांड्याने सगळ्यांच्या समोर त्यांच्या पेट्या उघडल्या आणि वेनराइटने आतल्या वस्तूंची नोंद केली, सगळे मिळून जबाबदार असावेत म्हणून. शेकडो कोसांवर त्यांना विचारणारे कोणी नव्हते. देव पाहतो आहे एवढ्यावर ते थांबले असते तरी कोणी बोल लावला नसता. त्यांनी यादी केली, आणि कित्येक महिने चालून मृतदेह व कागद किनाऱ्याला पोचवले.

व्यक्तीने जे करायचे ते संस्थेनेही करावे का? हा प्रश्न या शतकात सगळ्यांत कडवटपणे उभा राहिला. मुलांवरील लैंगिक अत्याचारांची प्रकरणे जगभरच्या चर्चमध्ये दशकानुदशके प्रार्थना, बदली आणि मौन यांत दाबली गेली. ती दाबणाऱ्यांतही देवाच्या सर्वज्ञतेवर विश्वास ठेवणारी माणसे होती. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९मध्ये धर्मगुरूंना अशा तक्रारी वरिष्ठांकडे कळवणे बंधनकारक केले आणि त्याच डिसेंबरात अशा खटल्यांवरचे ‘पोपचे गोपनीयत्व’ काढून टाकले. भारतात २०१२च्या पॉक्सो कायद्याचे एकोणिसावे कलम असा अपराध माहीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याचे बंधन घालते; त्या कलमात धर्मगुरूला वेगळी सूट लिहिलेली नाही. दुसऱ्या बाजूला कॅथलिक धर्मकायदा, १९८३च्या संहितेतला ९८३वा नियम, पापकबुलीत ऐकलेले कोणत्याही कारणाने उघड करायला धर्मगुरूला मनाई करतो. हे दोन नियम एकमेकांशी भिडतात, आणि ते गुळमुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. कबुली ऐकणाऱ्याच्या हातात तरीही एक गोष्ट राहते. खरा पश्चात्ताप आणि पुन्हा तसे न करण्याचा निर्धार दिसला नाही तर तो पापमुक्ती देण्याचे नाकारू शकतो. आणि समोरच्याला पोलीस ठाण्यात जाण्याचा आग्रह करू शकतो.